मूल होत नसेल तर तपासण्या कोणत्या क्रमाने आणि पाळीच्या कोणत्या दिवशी?

आरोग्यसेविका_गोवंडी:
वस्तीतल्या बायकांना द्यायला अर्ध्या पानाची चिठ्ठी करतेय. बहुतेकींकडे जाडजूड फाईल असते, पण रिपोर्टवर पाळीचा दिवसच लिहिलेला नसतो. मग तोच खर्च पुन्हा. क्रम आणि दिवस कुणी नेमके सांगेल का? आणि पालिकेच्या रुग्णालयात जायचं तर कुठे?

लॅबटेबल:
ताई, पहिली ओळ नवऱ्याच्या वीर्यतपासणीची लिहा. बाईची सोनोग्राफी, इंजेक्शनं सगळं होतं आणि ही साधी तपासणी राहून जाते, याचं फार वाईट वाटतं. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. नमुना लॅबमध्येच द्यावा. घरून आणला तर तासाभरात पोचायला हवा, आणि गोवंडीहून कुर्ल्याला गाडी बदलून परळ गाठेपर्यंत तो तास संपतो. साध्या कंडोममध्ये गोळा करू नये, शुक्राणू मरतात. पहिले थेंब सांडले तर तसं सांगावं, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात.

बाईच्या रक्तातली एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल ही हार्मोन्स पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नुसते डाग धरायचे नाहीत, नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. एएमएच (बीजांच्या साठ्याची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉईडची) कधीही चालतं. बीज फुटलं का ते दाखवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसाठी सगळ्यांनाच 'एकविसावा दिवस' सांगतात, पण तो २८ दिवसांनी पाळी येणारीसाठी. ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसावा. चुकीच्या दिवशी रक्त दिलं की बीज फुटूनही 'फुटत नाही' असा निष्कर्ष निघतो.

परळकर_स्त्रीरोग:
वय ३५ च्या पुढे असेल तर दिवस राहण्याची वाट पाहत वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांतच या. एएमएच कमी आलं की बायका खचतात. त्यावरून बीजांचा साठा किती ते कळतं, दिवस राहणारच नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

गर्भनळ्यांची तपासणी, म्हणजे एचएसजी (गर्भाशयात रंग सोडून काढलेला एक्स-रे), रक्तस्राव थांबल्यावर दहाव्या दिवसापर्यंत. त्या महिन्यात पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध नकोत. वेदनाशामक गोळी तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. गर्भाशयाच्या कोपऱ्याशीच रंग अडला तर तो नुसता आकुंचनाचा झटकाही असू शकतो. एका फिल्मवर 'नळी बंद' ठरवून थेट आयव्हीएफकडे (टेस्टट्यूब बाळाच्या उपचाराकडे) जाऊ नये. नळी टोकाशी पाणी भरून फुगली असेल तर मात्र आयव्हीएफच्या आधी ती काढावी किंवा बंद करावी लागते, नाहीतर ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते.

आपल्याकडे जननमार्गाचा टीबी विसरून चालणार नाही. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. कधी फक्त पाळीचं रक्त कमी होत जातं. पाळीच्या अगदी आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेतात. तो दोन डब्यांत जायला हवा: एक फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं रसायन), एक सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) वायाच जातं. नुसत्या पीसीआरच्या (जंतूच्या डीएनएच्या तपासणीच्या) 'पॉझिटिव्ह'वर औषध सुरू करू नये. साधारण सहा महिन्यांचे उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात, पण औषधाने जंतू जातात, चिकटलेली नळी मोकळी होतेच असं नाही, हे आधीच सांगा.

फॉलिकल१८:
पीसीओएसमध्ये (बीज नियमित न फुटण्याचा हार्मोनचा विकार) सहसा बीज वाढवणारी लेट्रोझोल गोळी २.५ मिग्रॅपासून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, तेही डॉक्टरांनी दिलं तरच. तिच्या या वापरावर २०११ मध्ये आलेली बंदी २०१७ मध्ये उठली, तेव्हा जुनं कात्रण दाखवून कुणी घाबरवलं तर तसं सांगा. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी. बीज वाढतं ती पिशवी (फॉलिकल) १८ मिमीच्या पुढे गेली की बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. पहिल्या सोनोग्राफीनंतर फेऱ्या चुकल्या तर पूर्ण महिना फुकट जातो.

सुरुवात परळच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयापासून करा. ६ ऑगस्ट १९८६ चं टेस्टट्यूब बाळ डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून तिथलंच. खासगीत जायचं तर वंध्यत्व उपचार केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहा. पहिल्या स्तराच्या केंद्राला आयव्हीएफ करता येत नाही.

आरोग्यसेविका_गोवंडी:
दोन डब्यांचं ठळक लिहिते. आणि चिठ्ठीच्या वर 'पाळीचा पहिला दिवस' अशी रिकामी जागा ठेवते.

लॅबटेबल:
शेजारीच 'पाळी किती दिवसांनी येते' तेही ठेवा. प्रोजेस्टेरॉनचा दिवस त्यावरूनच काढायचा.