टीम अ‍ॅथलेटिक्सचा फॉरमॅट बदलावा का? की आहे तोच बरा?

पहिली_लेन
काल रात्री युरोपियन टीम चॅम्पियनशिपचे जुने व्हिडिओ बघत बसलो होतो आणि अर्ध्या तासात झोप लागली, म्हणून हा धागा. ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, प्रत्येक देशाचा प्रत्येक इव्हेंटला एकच खेळाडू, वरच्या डिव्हिजनमध्ये १६ टीम, पहिल्याला १६ पॉईंट आणि शेवटच्याला १, पुरुष-महिला सगळ्यांची बेरीज एकत्र, आणि तळाच्या टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. कल्पना झकास आहे. पण इव्हेंट ३७! दिवसेंदिवस चालतं, मधेच स्कोअर कुठे आहे ते घरी बसलेल्याला कळत नाही, आणि चॅम्पियन कोण हे कधीकधी शेवटच्या रिलेच्या आधीच ठरलेलं असतं.

माझं मत सांगतो, शिव्या द्या हवं तर. इव्हेंट निम्मे करा, सगळं दोन तासांत बसवा. उड्या आणि फेकींना सहाच्या जागी चार प्रयत्न. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये दर लॅपला शेवटचा बाद. आणि शेवटची रिले अशी ठेवा की तिथेच निकाल लागेल. यातले चार प्रयत्न आणि शेवटचा बाद हे २००९ ला याच स्पर्धेत पोर्तुगालमध्ये लेरियाला करून झालंय, म्हणजे मी काही हवेत बोलत नाहीये.

आडवी_उडी
शिव्या नाही देत पण चार प्रयत्न हे वाचून डोकं फिरलं. मी स्वतः लांब उडी मारायचो, फार मोठा खेळाडू नव्हतो, पण एवढं नक्की सांगतो की पहिली उडी ही उडी नसतेच, ती मोजणी असते. ट्रॅक नवीन, वारा वेगळा, अंगात वार्मअपचा जोर, पाय बोर्डाच्या, म्हणजे उडी घ्यायच्या पट्टीच्या, चार बोटं पुढे जातो आणि लाल झेंडा, फाउल. मग तुम्ही रनअपची खूण तेवढी मागे घेता, तर दुसऱ्या उडीला पाय बोर्डाच्या अलीकडेच पडतो. खरी उडी कुठे तिसऱ्या-चौथ्याला जमायला लागते. टीव्हीवर दिसतं ते फक्त धावणं आणि वाळू, मधली ही सगळी मापामापी दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं सहा प्रयत्न म्हणजे टाइमपास.

आणि १९९१ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपचं काय करणार? कार्ल लुईसने चौथ्या उडीत ८.९१ मारली, वारा जास्त होता म्हणून रेकॉर्डला चालली नाही, आणि माइक पॉवेलने ८.९५ मारली ती पाचव्या उडीत. तो वर्ल्ड रेकॉर्ड अजून उभा आहे. तुमच्या नियमाने पॉवेल चौथी उडी मारून ट्रॅकसूट घालून बसला असता आणि लुईस जिंकला असता.

पहिली_लेन
@आडवी_उडी ती टीम स्पर्धा नव्हती हो. तिथे सहाच ठेवा, माझी काहीच हरकत नाही. मी टीमच्या स्पर्धेबद्दल बोलतोय. आणि उदाहरणंच द्यायची तर नीरज चोप्रा घ्या. टोकियो ऑलिंपिकला ८७.५८, दुसरी फेक. बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ८८.१७, पहिली फाउल आणि दुसरीत गोल्ड. पॅरिसला ८९.४५ दुसरीच, बाकी पाचही फाउल! त्याच फायनलमध्ये अर्शद नदीमची ९२.९७ पण दुसरीच. चार प्रयत्नांत कुणाचं काय बिघडलं असतं?

आडवी_उडी
दोहाची २०२५ ची डायमंड लीग, म्हणजे टीमची नाही तर ज्याची-त्याची खेळायची मोठी स्पर्धा, विसरलात वाटतं. नीरजने पहिल्यांदा ९० ओलांडलं, ९०.२३, तिसरी फेक. आपण सगळे नाचलो. आणि युलियान वेबरने ९१.०६ मारून जिंकलं ते कितव्या फेकीत? सहाव्या. आता चार प्रयत्न असते तर नीरज जिंकला असता हे मलाही कळतं, पण असं जिंकलेलं कुणाला हवंय 😄

लॅप_काउंटर
शेवटचा बाद यावर बोलतो कारण मी पंचांच्या टेबलावर बसलेलो आहे. कुठली स्पर्धा ते सोडा, आयोजकांना हौस आली आणि मुलांच्या ३००० मीटरला शेवटच्या काही लॅपमध्ये दर लॅपला शेवटचा बाद असं ठरवलं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात काय झालं, मागे दोघं खांद्याला खांदा लावून रेषेवर आले, माझ्या मते आतल्या बाजूचा मागे होता, शेजारच्या ऑफिशियलच्या मते बाहेरचा. कॅमेरा फक्त फिनिशला, आणि तो शेवटच्या लॅपसाठी लावलेला. आम्ही तीन सेकंद एकमेकांकडे बघितलं आणि तेवढ्यात पोरं वळणावर गेली. मग लाल पॅडल घेऊन एक जण आतल्या गवतातून त्यांच्या मागे धावतोय आणि ओरडतोय, ज्याला बाद केलं त्याला ऐकूच गेलं नाही, तो बिचारा शेवटपर्यंत पळाला आणि चौघांना मागे टाकून आला. प्रोटेस्ट झाला. रेस साधारण दहा मिनिटांची आणि निकाल तासाभराने. दोन तासांत बसवणार म्हणता ना, बसवा.

आणि रेसही बिघडते. दर लॅपला शंभर मीटर आधीपासून मागचे सगळे जीव खाऊन स्प्रिंट मारतात आणि रेषा ओलांडली की सगळे एकदम ढेपाळतात. याला लांब पल्ल्याची रेस म्हणायचं की संगीत खुर्ची?

गोळा_आणि_मी
मला फॉरमॅट बदलू नये असंच वाटतं आणि कारण एकच, योलीन बूमक्वो. २०२३, पोलंडमध्ये खोझुव. बेल्जियमच्या हर्डल्सवाल्या मुली जायबंदी, उतरवायला कुणीच नाही, आणि इव्हेंट रिकामा सोडला तर टीमचं नुकसान. म्हणून गोळाफेकवाली बूमक्वो १०० मीटर हर्डल्सला उभी राहिली. बंदूक वाजली, बाकीच्या गेल्या. ही शांतपणे पहिल्या हर्डलपाशी आली, एक पाय टाकला, मग दुसरा, जशी कुंपण ओलांडून पलीकडे जाते. मग पुढचं. चेहऱ्यावर हसू. असे दहा हर्डल. ३२.८१ सेकंद! शेजारच्या लेनमधल्या मुली कधीच्या थांबून मागे वळून टाळ्या वाजवत होत्या. टीमला दोन पॉईंट मिळाले.

हे डायमंड लीगमध्ये होऊ शकतं का? नाही. प्रत्येक इव्हेंटला माणूस हवाच आणि शेवटच्या नंबरलाही किंमत आहे, म्हणून हे झालं. इव्हेंट निम्मे केले की पहिला हातोडा जाणार, मग थाळी, मग गोळा. कायम आम्हीच जातो, कारण आम्ही टीव्हीवर छान दिसत नाही.

बॅटन_घ्या
गोळाताई/दादा, गोष्ट छानच आहे पण बेल्जियम तरी खाली गेलंच ना त्या वर्षी. आणि लोकांनी तो व्हिडिओ बघितला, स्पर्धा नाही बघितली. त्या वर्षी जिंकलं कोण हे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्या दहा जणांना विचारा, एकालाही इटली सांगता येणार नाही.

मी बदलाच्या बाजूने आहे. मिन्स्कला २०१९ च्या युरोपियन गेम्समध्ये डीएनए नावाचा फॉरमॅट आणला होता, डायनॅमिक न्यू अ‍ॅथलेटिक्स. एका मॅचला सहा टीम, मोजके इव्हेंट, पुरुष-महिला मिळून, आणि शेवटी 'द हंट'. ८००, ६००, ४००, २०० अशी रिले, पण सगळे एकत्र सुटत नाहीत. आधीच्या पॉईंटमधला फरक सेकंदांत बदलतात, जी टीम पुढे आहे ती आधी सुटते, बाकीच्या तिच्या मागे. जो पहिला रेषेवर तो मॅच जिंकला. बघणाऱ्याला कॅल्क्युलेटर लागत नाही! युक्रेन जिंकलं होतं. मला तर लय आवडलं होतं.

लॅप_काउंटर
आवडलं होतं तर मग २०२३ च्या युरोपियन गेम्समध्ये ते काढून परत जुनी टीम चॅम्पियनशिप का आणली? शेवटच्या रिलेनेच सगळं ठरणार असेल तर आधी तास-दीड तास भाला कशाला फेकायचा?

बॅटन_घ्या
कारण भाला चांगला फेकला तर हंटमध्ये आधी सुटायला मिळतं राव, वाचलं नाही का वर. बरं ते सोडा. नियमांत छेडछाड कुठे चालते आणि कुठे नाही हे बघायचं तर मिक्स्ड ४x४०० बघा, दोन पुरुष आणि दोन महिलांची रिले. दोहा २०१९, वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिल्यांदाच आली होती. कुणी कुठल्या लेगला, म्हणजे कितव्या टप्प्याला, पळायचं हे टीमवर सोडलेलं. जवळपास सगळ्यांनी पुरुष शेवटी ठेवला, पोलंडने उलट केलं, दोन्ही पुरुष आधी पळवले. शेवटच्या लेगला त्यांची मुलगी एवढी पुढे होती की स्क्रीनवर एकटीच दिसत होती, आणि मागून पुरुषांचा घोळका. एकेक करून गाठलं तिला, पोलंड पाचवं आलं. पण ती पंचेचाळीस-पन्नास सेकंद मी उभा राहून बघितली. आणि मग काय केलं? २०२२ पासून क्रमच ठरवून टाकला, पुरुष-महिला-पुरुष-महिला. एका फटक्यात मजा संपवली. म्हणजे मजा वाढवणारा बदल पण यांनीच आणायचा आणि यांनीच मारायचा.

आडवी_उडी
हे मात्र शंभर टक्के पटलं. तिथे ४०० मीटर चारशेच राहिले ना, फक्त कोण कधी पळणार एवढंच मोकळं होतं. असं काही असेल तर बदला की, कोण नाही म्हणतंय.

काठावरचा
कुणीच ऑस्ट्रावा २०१८ काढलं नाही म्हणून मी काढतो. कॉन्टिनेंटल कप, खंडांच्या टीम. हीच स्पर्धा आधी वर्ल्ड कप म्हणून १९७७ ला सुरू झालेली, पूर्व जर्मनीच्या मारिता कोखचा ४०० मीटरचा ४७.६० सेकंद हा वर्ल्ड रेकॉर्ड १९८५ ला तिथलाच, कॅनबेराचा. तर २०१८ ला तिला आकर्षक करायचं ठरलं. कॅप्टनला जोकर दिला, तो टाकला की पॉईंट डबल. फील्ड इव्हेंटला तीन फेऱ्या झाल्या की प्रत्येक टीमचा एकच खेळाडू पुढे, मग एकेका प्रयत्नात सेमीफायनल आणि फायनल. आपला अर्पिंदर सिंग तिहेरी उडीत ब्रॉन्झ घेऊन आला, चांगलंच झालं. नीरज मात्र त्याच्याच टीमचा तैवानवाला पुढे गेला म्हणून थांबला, सहावा. आणि एवढं सगळं करून स्पर्धेचं काय झालं? त्यानंतर झालीच नाही.

पहिली_लेन
बरं बरं, चार प्रयत्न मागे घेतो. शेवटचा बाद पण मागे घेतो, लॅप काउंटर साहेबांचा गवतातून पळणारा माणूस डोळ्यासमोरून जात नाहीये. पण दोन तास आणि शेवटी हंट यावर मी ठाम आहे. आणि हातोडा राहू दे.

गोळा_आणि_मी
आणि गोळा?

पहिली_लेन
गोळा पण. थाळीचं बघू.

लॅप_काउंटर
साहेब, हातोडा आणि गोळा ठेवून दोन तासांत बसवून दाखवाच. हातोड्याचा पिंजरा लावायला, जाळी तपासायला किती वेळ जातो माहितीये का? टाइमटेबल टाका इथे, मिनिटांसकट. मी तपासतो.