शहरातल्या 'भुताच्या' जागा बघायच्या आहेत, आखणी कशी करावी?

रातकिडा:
मंडळी, एका दिवसात दोन्ही प्रकार बसवायचे आहेत: तिकीट काढून शिरायचं एक भूतघर आणि 'तिथे काहीतरी आहे' म्हणतात अशा दोन जुन्या वास्तू. सहा जण आहोत. एकाला फिट येते, एकीला दमा आहे. आधी काय, नंतर काय? वास्तू रात्रीच बघाव्यात का? आणि फोटोत ते पांढरे गोळे येतात ते नक्की काय असतं?

चुनखडी:
वास्तू आधी, तेही उन्हं उतरायच्या आत. भूतघर अंधारातच असतं, त्याला सूर्याशी देणंघेणं नाही. राजस्थानातल्या भानगडच्या किल्ल्याबाहेरचा 'सूर्यास्तानंतर प्रवेश नाही' हा पुरातत्त्व खात्याचा फलक लोक भुताचा पुरावा म्हणून फिरवतात. पण संरक्षित स्मारकांना एरवीही सूर्योदय ते सूर्यास्त हीच वेळ असते.

पडक्या जागी खरी भीती लाकडाची. तुळई मधून ठणठणीत दिसते, पण भिंतीत शिरलेलं तिचं टोक ओल धरतं आणि तेच आधी कुजतं. वरून काही कळत नाही, म्हणून माळ्यावर चढूच नका. 'एकेक जण जाऊ' हा तोडगा नव्हे. वटवाघळांची सुकी विष्ठा पायाने उडाली की तिच्यातल्या बुरशीचे बीजाणू श्वासात जातात आणि फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. दमेकरी बाईंनी अशा खोलीत शिरू नये, बाकीच्यांनी एन-९५ मास्क लावावा. साधा रुमाल कामाचा नाही. कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर त्यावर बॅटरी मारू नका, अत्तर लावून जाऊ नका.

पडद्यामागचा:
भूतघराचं सांगतो. तिकिटाच्या खिडकीवर पहिला प्रश्न: आत लखलखणारे दिवे आहेत का? सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणारा उजेड प्रकाशाने फिट येणाऱ्यांना घातक. सगळ्याच अपस्मारात असं होत नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. अचानक समोर आलाच तर पापण्या मिटून भागत नाही, उजेड त्यातून शिरतोच. एक डोळा तळव्याने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं.

दुसरा प्रश्न धुराचा. यंत्रातून सोडलेल्या धुक्याने घसा खवखवतो, दम्याला त्रास होतो. इनहेलर बॅगेत नको, हातात हवा.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही: बाहेर पडायच्या वाटा किती आणि गडबड झाली तर सगळे दिवे लावतात का? ११ मे १९८४ ला न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानाच्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली आणि ८ किशोरवयीन मुलं दगावली. आत ना पाण्याचे फवारे होते ना धुराची सूचना देणारी यंत्रणा. वेडीवाकडी अंधारी वाट, त्यात धूर. तिथे आरडाओरडा हा खेळाचाच भाग वाटतो.

आणि सहा जण एका माळेत जाऊ नका. पुढचे दोघे दचकतात, मागच्यांना फक्त भुताची पाठ दिसते. तीन-तीनचे दोन गट करा. चपला नकोत, बुटाच्या नाड्या घट्ट.

शंकेखोर:
पांढरे गोळे म्हणजे धूळ. फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो, त्यामुळे दोन-चार सेंटिमीटरवरचा कण झगझगीत उजळतो आणि फोकसमध्ये नसल्याने गोल फुगलेला दिसतो. फ्लॅश बंद करून, फोन टेकवून तोच फोटो पुन्हा काढा. गोळे गेले की विषय संपला.

अंगावर काटा येण्याचं काय? स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या साउथ ब्रिजखाली (पूल १७८८चा) तळघरं आहेत, तिथे भुतं आहेत म्हणतात. तिथे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन वगैरेंनी लोकांना सोडून नोंदी घेतल्या, निष्कर्ष २००३ साली आले. आधी काही ठाऊक नसलेल्यांनाही ठरावीक जागीच जास्त 'अनुभव' आले आणि त्याचा मेळ जागेच्या आकाराशी, उजेडाशी बसला. इंजिनिअर विक टँडी यांनी १९९८मध्ये मांडलेली १९ हर्ट्‌झची (सेकंदाला १९ कंपनांची) गोष्टही प्रसिद्ध आहे: ऐकू न येणारी कंपनं एका पंख्यातून निघत होती आणि भुताचा भास त्यांनीच होत होता, असं त्यांचं म्हणणं. पण प्रत्येक खोलीत पंखा शोधत बसू नका.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. बंद जागेत जनरेटर किंवा शेगडी चालू असेल आणि दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. सरळ बाहेर या.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच फोन बघितला की पुन्हा पहिल्यापासून.

रातकिडा:
आभार. आख्यायिका कितपत खरी, हे जाण्याआधी कसं ताडायचं?

चुनखडी:
गोष्टीचं साल आणि इमारतीचं साल शेजारी ठेवा. शनिवारवाडा घ्या. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा. वाडा १८२८च्या आगीत जळाला, आत आज जोती उरली आहेत. तेव्हा 'याच खोलीतून हाक ऐकू येते' म्हणणाऱ्याला विचारा, कुठली खोली? तटबंदी आणि दरवाजे मात्र उभे आहेत. त्यातला नारायण दरवाजा बघायचा, नारायणरावांचा देह त्या वाटेने बाहेर नेला म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.