घोटीकडे गळ टाकायचाय, पहिल्या पावसात मुलाला न्यावं का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. बदली होऊन घोटीला आलोय. मूळचा चिपळूणकडचा, वाशिष्ठीच्या खाडीत कोळंबी लावून गरी टाकायची सवय. इथे चहूकडे धरणं, मुकणे, दारणा, भावली, वैतरणा, पण गोड्या पाण्याचं मला काही कळत नाही. आमिष काय लावायचं? कुठे बसलेलं चालतं, परवानगी कोणाची घ्यायची? ऑफिसातली मंडळी म्हणतात, मृगाचा पाऊस पडला की रात्री बॅटरी घेऊन ओहोळावर जायचं, चढणीचे मासे हातानं उचलता येतात. मुलगा सातवीत आहे, आत्तापासूनच मागे लागलाय. न्यावं का त्याला?

गंगापूर रोड:
आधी परवानगीचं. धरणातली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. काठावरच्या गावात विचारलं की संस्थेचा माणूस भेटतो. त्याला विचारल्याशिवाय गळ टाकू नका, माशांचं बीज त्यांनी पदरचे पैसे घालून सोडलेलं असतं. गंगापूर धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका, नाशिकचं पिण्याचं पाणी आहे ते. नांदूर मध्यमेश्वरही नको. अभयारण्य आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे. तिकडे हिवाळ्यात मुलाला पक्षी दाखवायला न्या.

दारणाकाठ:
दादा, आमच्या घरात जाळं आजोबांपासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोळंबी इथे लागत नाही. कणीक घ्या, त्यात भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड मळा, हरभऱ्याएवढी गोळी गळाला लावा. गळ किती खोल सोडायचा ते माशाच्या तोंडावरून ठरतं. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाशी चरतो. दोरीवरचं तरंगतं बूच त्याप्रमाणे वर-खाली सरकवायचं. वामीला गांडूळ, मरळीला छोटा मासा नाहीतर बेडूक.

मुलाला मात्र चिलापीवर (तिलापिया) शिकवा. ती कशालाही लागते, पोराचा धीर सुटत नाही. ती मूळची आपल्याकडची नाही, १९५२ मध्ये देशात आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिलं भरपूर जगतात. पिशवी भरून नेलीत तरी धरणाचं काही बिघडत नाही.

थंडीत पहाटे जाऊन बसू नका, गार पाण्यात मासा तोंड उघडत नाही. ऊन चांगलं वर येऊ द्या. मार्चनंतर उलट, उजाडतानाच गाठायचं.

आता पहिल्या पावसाचं. नेऊ नका. कळकळीनं सांगतोय.

त्या रात्री ओहोळाला जो मासा येतो तो अंडी घालायला येतो. मादीचं पोट हातात घेतलं तरी दिसतं. धरणातल्या रोहू-कटल्याचं एक वेळ ठीक आहे, ते साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज मत्स्यबीज केंद्रात तयार होतं. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन माशाला अंडी घालायला लावली, तेव्हापासून हे शक्य झालं. संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते आणि पाणी पुन्हा भरतं. पण वाम, मरळ, शिवडा, खडस, ओढ्यातले बारीक खवल्याचे मासे, यांची बोटुकली इथल्या पाण्यात सोडताना मी तरी कोणाला पाहिलं नाही. त्यांची पुढची पिढी म्हणजे पावसाळ्यातले हे थोडे दिवस. दारणेवर १९१६ मध्ये धरणाची भिंत उभी राहिली. तेव्हापासून खालच्या नदीतला मासा वर येऊ शकत नाही, भिंतीच्या वर जो आहे त्याला वरचे ओहोळ आणि भातखाचरं एवढीच जागा उरलीय. तिथेच बॅटऱ्या, काठ्या, पोती घेऊन माणसं उभी राहिली तर त्यानं जायचं कुठे? काही जण तर ब्लीचिंग पावडर टाकतात. पाण्यात विष कालवायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी चालतं. माझे आजोबा जाळ्यावरच जगले, पण अंड्यावरची मादी हाताला लागली तर परत सोडायचे.

भंडारदऱ्याच्या वाटेवर:
वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. एक आई म्हणून भर घालते. जुलै ते सप्टेंबर भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मुलाला अजिबात उतरवू नका. घाटात जोराचा पाऊस झाला की दारणा, गंगापूरमधून विसर्ग वाढवतात, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. नाशकात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आलं ते बघून पूर मोजतात, पण वरच्या गावांत असं बघायला काही नसतं. आणि शहराच्या खालच्या गोदावरीतला मासा खाऊ नका. तिथल्या पाणवेली सांडपाण्यावर माजल्यात.

खाडीकाठचा:
सगळ्यांचे आभार. मुलाला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: मग जायचं कधी? आणि खडस लागला तर?

दारणाकाठ:
दसऱ्यानंतर या. पाणी निवळलेलं असतं, धरण भरलेलं असतं, काठाच्या गवतात चिलापी मिळते. तोपर्यंत संस्थेच्या माणसाला भेटून ठेवा. पावसात त्याला ओहोळ दाखवायचाच असेल तर दिवसा न्या, काठावर उभं राहून मासे उड्या मारत चढताना बघू दे, पिशवी घरी ठेवा. खडस लागला तर त्याला पाण्याबाहेर ओढू नका. हात ओले करा, कल्ल्यात बोट घालू नका, गळ चिमट्यानं उलटा फिरवून काढा. मग तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात धरा. शेपटी हलवायला लागला की हात काढून घ्या.