'नॅरेटिव्ह प्ले'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा (सांगली, गावभाग)

आम्ही चार-पाच जण रविवारी जेवणाच्या टेबलावर मिनिएचरची युद्धं खेळतो. खेळ 'एज ऑफ सिग्मार', २०१५ साली आलेला, अद्भुत जगातला. बोटाएवढी रंगवलेली चित्रं, मोजपट्टी आणि मूठभर फासे एवढंच लागतं. (दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना आपण 'चित्रं' म्हणतो, म्हणून यांनाही मी चित्रंच म्हणते.) २०१६ साली त्यात खेळायच्या तीन रीती आल्या: ओपन (हवं तसं खेळायचं), नॅरेटिव्ह (गोष्टीतला प्रसंग धरून) आणि मॅच्ड (दोन्ही फौजा सारख्या ताकदीच्या). वाड्यातल्या पोरांसाठी मी नियमांचं मराठी टिपण करतेय. 'ओपन'ला 'मोकळा डाव' लिहिलं. 'नॅरेटिव्ह'पाशी अडले.

'कथाकथन' लिहून पाहिलं, तर पोरं म्हणाली, "मावशी, गोष्ट सांगणार कोण?" बरोबरच आहे त्यांचं. सांगत कुणीच नाही. मागे एका डावात आमच्या एका ढालवाल्यानं तीन फेऱ्या पूल एकट्यानं धरला आणि शेवटी पडला. खोक्यात भरताना त्याच्या ढालीचा कोपरा तुटला. मी तो चिकटवला नाही. तो पुलावरच तुटला असं आता आम्ही सगळेच धरून चालतो, आणि पोरं त्याला 'पूलकरी' म्हणतात. पुढच्या डावात कुणी पुलाकडे सरकलं की पहिली नजर त्याच्याकडे जाते. हे जे घडतं त्याला शब्द हवाय. 'नॅरेटिव्ह' तसाच ठेवावासा वाटत नाही. निवडणुकांच्या बातम्यांपासून तो 'खोटं' या शब्दाला चिकटूनच कानावर येतो.

उत्तर (सातारा, शाहूपुरी)

ताई, 'आख्यान' घ्या. कीर्तनात बुवा पूर्वरंगात विषय मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे तोच विषय माणसांच्या वागण्यातून उभा करतात. शिवाय तुम्ही सांगलीच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा नाटकाच्या प्रयोगाला 'खेळ' म्हणत आणि त्यातल्या कथेला 'आख्यान'. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढं न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. तुमच्या टेबलावर हेच चाललंय. प्रसंग आधी ठरलेला, बोलणं मात्र ज्याचं त्याचं. 'आख्यानी डाव' म्हणा.

उत्तर (तासगाव)

मला दोन अडचणी दिसतात. आमच्याकडे "काय आख्यान लावलंयस" हे कंटाळून म्हणतात, तो वास शब्दाला आहेच. पण खरी अडचण दुसरी. स्वयंवरात सीता रामालाच वरणार, हे मांडवातल्या पोरालाही ठाऊक असतं. ताईंचा ढालवाला पडेल की टिकेल, हे फासा पडेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी 'बखरीचा डाव' म्हणेन.

'मॅच्ड'ला तालमीतला शब्द घ्या. दोन्ही बाजूंना सारखे गुण, बहुधा दोन-दोन हजारांचे, वाटून फौजा उभ्या करतात ना? फडावर तोडीची जोड लावतात, तसंच ते. 'जोडीचा डाव'.

उत्तर (सातारा, शाहूपुरी)

कंटाळ्याचा वास कबूल. पण बखर लिहितात ती घडून गेल्यावर. डाव चालू असताना बखर नसते, म्हणून खेळाला ते नाव बसत नाही. शेवट ठाऊक असण्याबद्दल म्हणाल, तर ठाऊक असूनही आख्यान ऐकायला माणसं बसतात, कारण तिथं लक्ष 'कोण जिंकलं' याकडे नसतं, 'कसं' याकडे असतं. आमच्या घराच्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. १६९९-१७०० साली औरंगजेब स्वतः त्याला वेढा घालून बसला होता, आत प्रयागजी प्रभू मूठभर शिबंदी घेऊन. हा प्रसंग सारखे गुण वाटून मांडताच येणार नाही. शेवटी किल्ला गेला, तरी लोक अजून सांगतात ते सुरुंगाचं, तट मोगलांच्याच अंगावर कोसळला त्याचं. एक बाजू हरणारच असा डाव मन लावून खेळायचा, ही नॅरेटिव्हची रीत. त्यात हरणाऱ्याला काम वेगळं देतात: इतक्या फेऱ्या टिक, अमुक माणूस बाहेर काढ.

आणि 'जोडीचा' नको. पोरं कॅरमसारखे दोन-दोन भिडू करून बसतील. 'तोलाचा डाव' म्हणा.

विचारणा करणारी (सांगली)

'तोलाचा' लगेच पटला, लिहूनही टाकला. 'आख्यानी डाव' काल पोरांसमोर म्हणून पाहिला. धाकटीनं लगेच विचारलं, "मग आज पूलकऱ्याचं आख्यान का?" तिच्या तोंडात तो शब्द जुना वाटला नाही, त्यामुळे तोच ठेवतेय.

तासगावकर दादा, तुमची बखरही वाया जात नाही. या रीतीत एकापाठोपाठ डाव होतात, त्यांना मोहीम म्हणायचं हे कुणी न सांगताच ठरलं होतं. 'पाथ टू ग्लोरी' नावाची मोहिमेची पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक डावानंतर कोण जखमी झालं, कुणाचं नाव वाढलं, याची नोंद पुढच्या डावात न्यावी लागते. ती वही म्हणजे बखर. रेघा मारलेल्या दोनशेपानी वहीवर तसं नाव घातलंय, आणि पहिल्या पानावर ढाल तुटल्याची तारीख.

आता 'टर्न'चं सांगा. 'फेरी' दोघांची मिळून होते. एकट्याच्या पाळीला आमची पोरं 'राज्य' म्हणतात, पण लपंडावात राज्य येणं म्हणजे अंगावर येणं. इथं ते चालेल?

उत्तर (तासगाव)

नाही चालणार. 'पाळी' किंवा 'हात' म्हणा. पत्त्यांत 'हात कुणाचा?' म्हणतातच.