‘साखर घातलेली नाही’ म्हणजे नेमकं काय?

कुणीतरी म्हटलंय की फळांच्या रसाच्या पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलं असेल तर तो मुलांना द्यायला हरकत नाही. मला हे अजिबात पटत नाही. वरून घातली नसली तरी फळाची साखर रसात असतेच. २०० मिलिलिटरच्या पाकिटात ती साधारण २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे भरते! चोथा मात्र गाळून गेलेला, त्यामुळे पोट भरत नाही आणि जेवणाच्या वेळी मूल तोंड फिरवतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एक वर्षाखालील बाळांना फळांचा रस देऊच नका असं स्पष्ट सांगितलं. दातांचंही बघा, स्ट्रॉ तोंडात धरून तासभर चुटुकचुटुक पिणं तर फारच वाईट. तहानेला पाणी द्या, फळ चावून खाऊ द्या.