मदत हवी आहे: पीएस४ गेम कन्सोलचा पॉवर सप्लाय, मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट आहेत पण स्टँडबाय उठत नाही

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसकडं माझं दुरुस्तीचं लहान दुकान आहे. मिक्सर, टेबल फॅन, एलईडी टीव्ही आणि हंगामात बॅटरीवरच्या फवारणी पंपांचे चार्जर, एवढाच माझा धंदा. गेम कन्सोल दुकानात पहिल्यांदाच आलं.

गिऱ्हाईक ओळखीचं आहे. त्यांचा मुलगा पुण्याला शिकायला होता, येताना सेकंडहँड पीएस४ घेऊन आला. पंधरा दिवसांमागं वादळात गावच्या डीपीवरचा न्यूट्रल तुटला. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. अर्ध्या गावात बल्ब मिणमिणे, अर्ध्या गावात डोळे दिपतील इतका उजेड आणि मग फट्ट. न्यूट्रल नसला की दोन फेजमधले चारशेच्या वरचे व्होल्ट दोन बाजूंच्या घरांत वाटले जातात, आणि ज्या बाजूला लोड कमी त्या बाजूच्या वाट्याला जास्त येतात. यांच्याकडं त्या वेळी एक पंखा आणि हे कन्सोल, एवढंच चालू होतं. त्या आठवड्यात माझ्याकडं टीव्ही ठेवायला जागा उरली नव्हती.

कन्सोल पूर्ण मुकं होतं. बीप नाही, दिवा नाही. जुनं जाड मॉडेल आहे, सप्लायवर एडीपी-२००ईआर लिहिलं आहे. त्यातून दोन जाड पात्यांवर १२ व्होल्ट आणि ग्राउंड जातं, छोट्या कनेक्टरात ४.८ व्होल्ट स्टँडबाय, म्हणजे कन्सोल बंद असतानाही चालू राहणारा छोटा सप्लाय. खोलायला सिक्युरिटी टॉर्क्स लागतो, तो बोलावण्यातच चार दिवस गेले.

आत पाहिलं तर फ्यूज काळा आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज आलं की ते स्वतःवर घेणारा) मधोमध फुटलेला. त्यावरचा नंबर ४७१ होता, म्हणजे ३०० व्होल्ट एसीपर्यंतचा. बिचाऱ्यानं त्याचं काम केलं. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधले दोन डायोड शॉर्ट, पीएफसीचा (कन्सोल चालू असताना ते डीसी आणखी वर चढवणाऱ्या भागाचा) मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, ड्रेन-सोर्स शॉर्ट, मोठा ४५० व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. हे सगळं बदललं. मॉस्फेट जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला २०एन६० टाकला, कारण नवा म्हणून जे मिळतं त्यावर माझा भरवसा नाही. इथं एक गाढवपणाही केला. गेटचा १० ओहमचा रेझिस्टर न तपासता मॉस्फेट बसवला. तो रेझिस्टर ओपन होता. करंट आवरायला मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब होता म्हणून मॉस्फेट वाचला, नाहीतर पार्टसाठी नागपूरला बर्डीला एक चक्कर झालीच असती.

आता सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून चालू केलं की बल्ब क्षणभर पेटतो आणि विझतो. म्हणजे शॉर्ट उरलेला नाही. मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट येतात. स्टँडबायच्या वेळी पीएफसी झोपलेलं असतं, त्यामुळं ३२५ बरोबरच आहेत असं मी धरतो. पण ४.८ व्होल्ट येत नाहीत. मीटरचा काटा जरा हलतो आणि शून्यावर येतो, परत हलतो. कान लावला तर ट्रान्सफॉर्मरमधून टिक… टिक… असा बारीक आवाज. स्टँडबाय आयसीचा व्हीसीसी (त्याला स्वतःला चालायला लागणारं व्होल्टेज) मोजला तर काहीच्या काही रीडिंग येतं.

माझ्याकडं डिजिटल मल्टिमीटर (कपॅसिटन्स मोजणारा), एक जुना काट्याचा मीटर आणि सिरीज बोर्ड आहे. स्कोप नाही, ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) नाही, बेंच सप्लाय (हवं ते व्होल्टेज देणारा टेबलावरचा सप्लाय) नाही. आयसी बदलू का? तो इथं मिळत नाही, म्हणून आधी विचारतो आहे.

प्रतिसाद १

आयसीला हात लावू नका. व्हीसीसी मोजताना काळी प्रोब कुठे ठेवली होती? पत्र्यावर किंवा १२ व्होल्टच्या ग्राउंडवर ठेवली असेल तर ते रीडिंग विसरून जा. प्रायमरीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूचं, ग्राउंड वेगळं असतं. काळी प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर ठेवून परत मोजा आणि आकडे लिहा. प्लग काढल्यावर तो कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करायचा, स्क्रू ड्रायव्हरनं नाही. तुम्हाला ठाऊक असेलच, पण हा धागा उद्या दुसराही कोणी वाचेल.

मूळ धागालेखक

सर, चूक पकडलीत. मी पत्र्यावरच ठेवली होती. आता कपॅसिटरच्या निगेटिव्हवरून मोजलं: व्हीसीसी हळूहळू १५च्या आसपास चढतो, टिक होतं, धपकन ८वर पडतो, परत चढायला लागतो. काट्याच्या मीटरवर हे छान दिसतं, डिजिटलवर नुसते आकडे नाचतात. कपॅसिटर मी २.२ के, १० वॉटच्या रेझिस्टरनं रिकामा करतो. एकदा ३००च्या वर व्होल्टचा झटका बसला आहे, आता विसरणं शक्य नाही.

प्रतिसाद २

कशाला एवढी डोकेफोड? अख्खा सप्लाय जुन्या बाजारात मिळतो. दोन दिवसांची मजुरी धरली तर तेच स्वस्त पडेल.

प्रतिसाद ३

भाऊ, म्या अकोल्यात तीस वर्सं टीव्ही खोलले, म्हणून सांगतो. आयसी जित्ता आहे. मेला असता तं टिकटिक केली नसती. तो उठाले पाह्यते, पन उठता येत नाई. कारणं दोनच. एक तं पुढं सेकंडरीत, म्हंजे ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटच्या बाजूले, कोनीतरी त्याले दाबून धरलं, म्हंजे शॉर्ट. नाईतं त्याले स्वतःचं खानं भेटत नाई.

पयले शॉर्ट पाहा. बेंच सप्लाय नाई म्हनता ना? मंग मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, त्याच्यात १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर सिरीजमधी टाका, आन सप्लायचा प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून, स्टँडबायच्या आउटपुटवर लावा. रेझिस्टरवर किती व्होल्ट पडते ते पाहा. चार-पाच पडले तं पुढं शॉर्ट. काहीच नाई पडले तं पुढचा भाग साफ.

आन त्या पोराले एक इचारा: न्यूट्रल जायच्या आधी, लाइट गेली-आली की हे कन्सोल लगेच चालू होये का प्लग काढ-घाल करा लागे?

मूळ धागालेखक

प्रतिसाद २ देणाऱ्या मित्रा, गिऱ्हाइकही तेच म्हणत होतं. पण जुन्या बाजारातला सप्लायसुद्धा कुणाच्या तरी न्यूट्रलचाच मार खाल्लेला निघाला तर? शिवाय हे शिकलो तर पुढच्या वादळात कामी येईल. वादळ तर येणारच आहे.

काका, चार्जर लावून पाहिला. रेझिस्टरवर ०.०२ व्होल्ट, म्हणजे २ मिलीअँपिअर. पुढं शॉर्ट नाही.

आणि तुम्ही विचारलेलं पोराला विचारलं. तो म्हणतो, “हो ना, लाइट आली की दोन-तीनदा प्लग काढून घालावा लागायचा. हिवाळ्यात तर पाच-सहा वेळा. मला वाटलं सॉकेट ढिला आहे.” हे त्यानं आल्या दिवशी सांगितलं असतं तर! तुम्हाला न पाहता कसं कळलं?

प्रतिसाद ३

तुमच्या इकडं विहिरीवरच्या मोटरीले सुरुवातीले पानी भरून द्या लागते का नाई? एक डाव उचललं की मंग ते आपलं आपन ओढते. फूट व्हॉल्व्ह गळका असला तं कितीबी भरा, मोटर चालू करेपर्यंत पाइप रिकामा. तसंच हे. ३२५ वरून एक मोठ्या ओहमचा रेझिस्टर व्हीसीसीच्या बारक्या कपॅसिटरले थेंब थेंब भरते. भरला की आयसी सुरू होते, आन ट्रान्सफॉर्मरची जोडवाइंडिंग (आयसीसाठीच गुंडाळलेली बारकी वाइंडिंग) त्याले पुढचं खानं देईपर्यंत त्याले त्या कपॅसिटरवरच जगा लागते. कपॅसिटर सुकला असला तं तेवढ्यात जीव जाते. चालू असतानी तो कपॅसिटर कसाबी असो, काम ढकलते. बंद करून चालू करा लागलं की उघडं पडते. थंडीत सुकलेला कपॅसिटर आनखी आळशी होते, म्हून हिवाळ्यात जास्त.

म्हंजे न्यूट्रलनं मारलं ते तुम्ही दुरुस्त केलं. हा रोग त्याच्या आधीचा आहे. तो बारका कपॅसिटर काढून मोजा. त्याच्यासंगं जोडवाइंडिंगचा डायोड आन त्याच्या सिरीजचा रेझिस्टरबी पाहून घ्या.

मूळ धागालेखक

काका, दंडवत.

हीटसिंकला चिकटून एक बारका कपॅसिटर उभा होता, २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. वरून अगदी देखणा, ना फुगलेला ना गळका, म्हणून मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. काढून मोजला तर ४ मायक्रोफॅरड. डायोड आणि रेझिस्टर ठीक निघाले. १०५ डिग्रीचा नवा २२/५० टाकला, हीटसिंकपासून जरा लांब वाकवून. सिरीज बल्ब लावून चालू केलं: टिकटिक बंद, स्टँडबाय ४.८२, व्हीसीसी १४वर स्थिर. दहा वेळा बंद-चालू केलं, दहाही वेळा उठलं.

मग सप्लायला झाकण लावलं, कन्सोलात बसवला आणि सिरीज बल्ब काढून (तो ठेवला तर लोडवर व्होल्टेज पडेल) बटण दाबलं. एक बीप, निळा दिवा, मग पांढरा. दुकानाच्या टीव्हीवर पोट्ट्यांनी दोन तास फुटबॉल खेळून सप्लायची लोड टेस्ट करून दिली, त्याचे पैसे मागितले नाहीत.

व्हॅरिस्टर परत ४७१च टाकला आहे. गिऱ्हाईक म्हणतं स्टॅबिलायझर घेतो. मी त्यांना सांगितलं, साधा घेऊ नका, हाय व्होल्टेजला आउटपुट तोडणारा पाहा आणि तो किती व्होल्टपर्यंत स्वतः टिकतो ते दुकानदाराला विचारा.

एक गोष्ट राहिली. कन्सोल चालू असताना पीएफसी खरंच उठून ३८०-३९० व्होल्ट देतं का, की गाडी ३२५वरच चालली आहे, हे मला मोजता आलं नाही. सप्लाय कन्सोलात बसलेला असताना मोठ्या कपॅसिटरवरून तारा बाहेर काढायची माझी हिंमत नाही. हे बाहेर टेबलावर, लोड लावून सुरक्षितपणे कोणी मोजलं असेल तर पद्धत सांगा. कन्सोल सोमवारपर्यंत माझ्याकडं आहे.