तिसरी-चौथीला गोष्टींतून अर्थशास्त्र आणि पर्यावरण: कुठल्या गोष्टी घ्याव्यात, पुढे काय करून घ्यावं?

पूर्वभाग_शाळा विचारतात:

नमस्कार. सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, पट ३४. निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. परिसर अभ्यासातले आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ४० मिनिटांचे, गोष्टींसाठी काढता येतात. गरज आणि हौस, टंचाई, निवड, वस्तू कशी तयार होते, पाणी-माती पुढच्यांसाठी कशी राखायची, एवढं त्यातून घ्यायचं आहे. अडचण अशी की गोष्ट संपली की सगळी मुलं एका सुरात "लोभ करू नये", "पाणी वाचवा" म्हणतात आणि चर्चा तिथेच थांबते. कुठल्या गोष्टी घ्याव्यात, आणि गोष्टीनंतर नेमकं काय करून घ्यावं? खर्च शंभर रुपयांच्या आत बसायला हवा.

कांडी_आणि_माग:

मॅडम, "या गोष्टीतून काय शिकलात?" हा प्रश्न आधी बंद करा. त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं. त्याऐवजी गोष्ट अशा जागी थांबवा जिथे पात्राला काहीतरी ठरवायचं आहे, आणि दोनच गोष्टी विचारा: त्याला दुसरं काय करता आलं असतं? ते केलं असतं तर हातचं काय गेलं असतं? दुसऱ्या प्रश्नात संधी-खर्च (एक निवडताना सोडावं लागतं ते) येऊन जातो, शब्द फळ्यावर लिहायची गरज नाही. आणि एका गोष्टीत एकच कल्पना. टंचाई, बचत आणि प्रदूषण एकाच तासात कोंबलं की मुलांच्या हाती काही राहत नाही.

तुमच्या वर्गासाठी पहिली गोष्ट उंदराच्या टोपीची घ्या. आपल्या यंत्रमागाच्या गावात तिच्याइतकी चपखल दुसरी नाही. उंदराला चिंधी सापडते, तो परटाकडे जातो, रंगाऱ्याकडे जातो, शिंप्याकडे जातो, शेवटी गोंडे लावून घेतो. म्हणजे कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतची सगळी साखळी एका गोष्टीत आहे. शिवाय तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे घरी तेलुगू बोलणारं मूलही दुसऱ्या फेरीत तुमच्याबरोबर म्हणायला लागतं.

पहिला तास: गोष्ट एकदा अखंड सांगा, मध्ये एकही प्रश्न नको. मग पोस्टकार्डाएवढी पाच कार्डं काढा: चिंधी, परीट, रंगारी, शिंपी, गोंडेवाला. मुलांनी ती क्रमानं दोरीवर लावायची. प्रत्येक कामाच्या कार्डामागे दोन रकाने, "आत काय गेलं" आणि "बाहेर काय पडलं". परटाकडे पाणी, साबण, श्रम आत गेले. स्वच्छ कापड आणि गढूळ पाणी बाहेर आलं. रंगाऱ्याकडे रंगाचं पाणी उरलं. शिंप्याकडे कातरण उरली. मुलं बाहेरच्या रकान्यात फक्त चांगली वस्तू लिहितात, हे हमखास होतं. तेव्हा "आणि उरलं काय?" एवढंच विचारायचं. कातरणीचं पुढे काय होतं, हे यंत्रमागाच्या घरातली मुलं तुम्हालाच सांगतील: पायपुसणी, उशीत भरायला, मशीन पुसायला. रंगाच्या पाण्याला मात्र असं गिऱ्हाईक नसतं. पर्यावरणाचा भाग इथून सुरू होतो, वेगळं भाषण नको.

दुसरा तास पैशाचा. उंदरानं कुणालाच मजुरी दिली नाही, हे बहुतेक मुलांच्या लक्षात आलेलं नसतं. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला १० बटणं द्या आणि ती चार कारागिरांत वाटायला सांगा. दहाच्या वर एकही नाही. कुणाला जास्त, ते का? वेळ जास्त लागला म्हणून, कौशल्य जास्त म्हणून, की रंग स्वतः विकत आणला म्हणून? सरळ समान वाटणी करायला गेलं तर दोन बटणं उरतात आणि तिथे वाद सुरू होतो. तो वाद थांबवू नका, पण प्रत्येक गटाकडून एक वाक्य लिहून घ्या: "आम्ही ___ला जास्त दिलं, कारण ___." कारण नसेल तर वाटणी परत करायची.

चिंचोके:

वरचं छान आहे, पण टिकवणं म्हणजे काय हे त्यात पूर्ण येत नाही, कारण टोपी एकदाच होते. "पुढच्या हंगामाला काय उरेल" हे कळायला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडावी लागते. त्यासाठी सोन्याचं अंडं देणारी कोंबडी सांगा, आणि लगेच हा खेळ.

चार मुलं, मध्ये एक वाटी, वाटीत २० चिंचोके. चिंचोका म्हणजे तळ्यातला मासा. प्रत्येक फेरीत प्रत्येकानं ० ते ५ मासे घ्यायचे. फेरी संपली की वाटीत उरलेत तेवढेच तुम्ही आणखी घालायचे, पण वाटी २० च्या वर जाऊ द्यायची नाही. पाच फेऱ्या.

हिशोब आधी स्वतः करून ठेवा. सगळ्यांनी ५-५ घेतले तर पहिल्याच फेरीत तळं संपतं, प्रत्येकाला ५. सगळ्यांनी ३-३ घेतले तर २० चे ८ उरतात, त्याचे १६ होतात; मग ४ उरतात, त्याचे ८; तिसऱ्या फेरीत २-२ घेऊन तळं कोरडं, प्रत्येकाला एकूण ८. सगळ्यांनी २-२ घेतले तर दर फेरीला १२ उरून वाटी परत २० वर येते. पाच फेऱ्यांत प्रत्येकाला १० आणि वाटी भरलेलीच. हे तीन आकडे शेवटी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. चौथीची मुलं गुणाकार-वजाबाकीतून कारण स्वतः शोधतात.

पहिला डाव न बोलता. दुसऱ्या डावाआधी तीन मिनिटं बोलायची मुभा. नियम मुलांनी ठरवायचे, मोडणाऱ्याचं काय करायचं तेही त्यांनीच. तळी, कुरणं, पाटाचं पाणी लोक आपापले नियम करून टिकवू शकतात, या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना नाव सांगायची गरज नाही, पण शिक्षकाला माहीत असलं की "सरकारनं बंदी घालावी" या एकाच उत्तरावर चर्चा अडत नाही.

खेळ कुठे बिघडतो: मुलं ही शर्यत समजतात आणि ज्याच्याकडे जास्त चिंचोके तो जिंकला म्हणतात. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच सांगा की तुमचा डाव संपला की हीच वाटी दुसऱ्या गटाकडे जाणार. रिकामी वाटी मिळालेला गट जे बोलतो, त्यातच पुढच्या पिढीचा मुद्दा येतो. पहिली-दुसरीची मुलं बसणार असतील तर चिंचोक्यांऐवजी बाटल्यांची झाकणं घ्या, नाकात जात नाहीत.

पूर्वभाग_शाळा:

३४ मुलांत चार-चारचे गट पूर्ण होत नाहीत. तीन मुलांचे दोन गट उरतात. आणि हे उजनी धरणाशी कसं जोडू? "उजनी मायनसमध्ये गेली" हे मुलं घरी ऐकतात, पण त्यांना वाटतं धरण रिकामं झालं.

चिंचोके:

तीन मुलांच्या गटाला १५ चिंचोके द्या, कमाल १५. प्रत्येकाला तेच ५, ८, १० येतात, तपासून बघा.

उजनीसाठी एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. उजनीचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६४ मृतसाठा (नेहमीसारखं सोडता न येणारं तळाचं पाणी) आणि ५३ च्या पुढे उपयुक्त साठा. म्हणून तळापासून ५४० मिलिलिटरवर लाल पट्टी चिकटवा, ती शून्य टक्के. पट्टीखाली पाणी गेलं की मायनस. मुलं बघतात की शून्याला बाटली निम्म्याहून जास्त भरलेली असते. मग विचारा: पट्टीच्या वरचं पाणी म्हणजे कोंबडीची अंडी, तर पट्टीखालचं काय? बाटलीत आधी पाणी भरून मग पट्टी लावायला गेलात तर ओल्या बाटलीवर ती चिकटत नाही, कोरडी असतानाच लावा.

मोहोळ_रब्बी:

दोन गोष्टी सांभाळा. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट बचतीसाठी सगळे घेतात. तुमच्या वर्गात ती जपून. एखाद्या मुलाच्या घरी आई दिवसभर विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि महिनाअखेर काही उरत नाही. "जो कष्ट करतो त्याच्याकडे साठा असतो" हे त्या मुलाला आपल्या घराबद्दल खोटं वाटतं आणि ते गप्प होतं. घरची कमाई, कर्ज, भिशी वर्गात कधीच विचारू नये. गोष्टीतलं कुटुंब घ्या, त्याला महिन्याला १०० बटणं द्या आणि त्या कुटुंबाचा खर्च मुलांना ठरवू द्या.

दुसरं, पाण्याच्या गोष्टीत एक लोभी सावकार आणि एक शहाणा म्हातारा असला की मुलांनी विचार करायचं कारणच उरत नाही. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी आणि ऊस भरपूर. पण ऊस लावणारा शेतकरी खलनायक नाही. उसाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान भाव) असते, कारखाना माल उचलतो. ज्वारीचा भाव बाजारावर. दुसरीकडे उसाला वर्षभर आणि त्याहून जास्त काळ पाणी लागतं, तर मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर चारेक महिन्यांत येते आणि वर कडबा देते. ऊसवाला आणि ज्वारीवाला दोघंही आपल्या जागी बरोबर, तरी विहीर आटते. अशी तयार गोष्ट सापडली नाही तर मुलांकडूनच लिहून घ्या. ए-फोर कागद तीन वेळा दुमडून आठ चौकोन पाडा, लांबीत अर्धा दुमडून घडीच्या रेषेवर मधल्या दोन चौकोनांपुरताच काप द्या, आठ पानांचं पुस्तक होतं. मुखपृष्ठ, मग दोन शेजारी, एक विहीर, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, दोघांची बैठक, आणि शेवटचं पान कोरं. कोऱ्या पानावर बैठकीत काय ठरलं ते प्रत्येकानं वेगळं लिहायचं. काप कागदाच्या कडेपर्यंत गेला तर पुस्तकाचे दोन तुकडे होतात, म्हणून तिसरीच्या मुलांना तुम्हीच कापून द्या.

पुस्तकपेटी:

पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा. मराठी, तेलुगू, कन्नड सगळं आहे, उतरवून घेता येतं आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यामुळे छापताही येतं. लेखक-चित्रकाराचं नाव असलेलं पान काढून टाकू नका, एवढंच. जोडवर्गाला पातळी २ ची पुस्तकं पुरतात. एक लक्षात ठेवा: मराठी माध्यमातल्या तेलुगू घरच्या मुलांना तेलुगू ऐकून कळतं, लिपी वाचता येतेच असं नाही. म्हणून तेलुगू प्रत मुलाच्या हातात देण्यापेक्षा घरी पाठवा, आजी-आजोबांना वाचून दाखवू द्या.

कांडी_आणि_माग:

अजून एक. तुमच्याकडे बालआनंद मेळावा होत असेल तर तो या सगळ्याच्या नंतर ठेवा. तिथे नेहमीची गडबड म्हणजे सामान घरून फुकट येतं आणि मुलं सगळा गल्ला नफा समजतात. स्टॉलवर खर्चाची चिठ्ठी लावा. समजा लिंबू सरबताचे २५ ग्लास: लिंबं ४० रुपये, साखर २२, कागदी ग्लास २५, एकूण ८७. पाच रुपयांनी विकले तर १२५ आले, नफा ३८. स्टीलचे ग्लास घरून आणले तर नफा ६३, पण एक बादली पाणी आणि धुवायला दोन मुलं लागतात. कागदी ग्लास घेतले तर मैदानातले ग्लास कोण उचलणार, आणि ते काम चिठ्ठीत का नाही? दोन्ही चिठ्ठ्या शेजारी लावून गटालाच ठरवू द्या. बादलीवर खडूनं खूण करा, नाहीतर धुण्यात दोन बादल्या जातात आणि हिशोबात एकच राहते.